बिडी सोडली, पण तंबाखू सोडली का?

काही वर्षांपूर्वी भातकुलीजवळच्या एका गावातले शेतकरी खोकला आणि दम घेऊन माझ्याकडे आले होते. वय पन्नाशीच्या आतले, दिवसाला एक बंडल बिडी. मी नेहमीप्रमाणे "बिडी बंद करा" असे सांगितले. त्यांनी खरोखरच बंद केली. दोन-तीन महिन्यांत खोकला कमी झाला. मला आनंद झाला आणि मी त्यांचे कौतुकही केले.

गेल्या वर्षी तेच गृहस्थ पुन्हा आले. तिखट सहन होत नाही, तोंडाची आग होते, भाकरीचा घास घेता येत नाही. तोंड उघडायला सांगितले, तर दीड बोटाच्या वर उघडेना. मी विचारले, "काय खाता?"

"साहेब, बिडी तं कवाचीच सोडली म्या. तुमीच सांगतलं होतं ना! आता फक्त खर्रा हाय."

चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी बिडी सोडायला सांगितले, तंबाखू सोडायला सांगितले नाही. नंतरच्या प्रत्येक भेटीत "बिडी ओढता का?" एवढेच विचारत राहिलो आणि ते प्रामाणिकपणे "नाही" म्हणत राहिले.

माझे मत स्पष्ट आहे. आपल्या भागात धूम्रपानाबद्दल बोलताना आपण अर्धीच गोष्ट सांगतो. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ 3.8 टक्के होते, तर तंबाखू खाणारे किंवा दातांना लावणारे 24.4 टक्के. म्हणजे "ओढता का?" या प्रश्नाला "नाही" म्हणणारे बहुतेक तंबाखूवाले आमच्या नजरेतून सुटतात.

याचा अर्थ बिडी सौम्य आहे असा नाही. "सिगारेट नाही साहेब, साधी बिडी आहे" हे वाक्य मी रोज ऐकतो. बिडीत तंबाखू कमी असते हे खरे, पण तेंदूपानातली बिडी लवकर विझते. ती पेटती ठेवायला माणूस जोरात आणि वारंवार झुरके घेतो. त्यामुळे छातीत जाणारे निकोटिन आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी नसते. भारतातल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि स्त्रियांचे आठ वर्षांनी कमी झालेले आढळले. क्षयरोगाने मरण्याचा धोकाही धूम्रपान करणाऱ्यांत कितीतरी जास्त होता. शिवाय घरात ओढलेल्या बिडीचा धूर नातवाच्या छातीतही जातो.

आता खर्ऱ्याबद्दल. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तो तयार होतो. यातली सुपारी निरुपद्रवी आहे असा अनेकांचा समज असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. सुपारीमुळे गालाच्या आतले मऊ अस्तर हळूहळू ताठ, दोरीसारखे होते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. एकदा ताठ झालेले अस्तर पूर्ववत होत नाही. खर्रा सोडला तर आजार बहुधा तिथेच थांबतो. चालू ठेवला तर काही जणांत त्याचाच पुढे कर्करोग होतो.

2012 पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे. पण खर्ऱ्याला कारखाना लागत नाही, पानठेला पुरतो. तो एकट्याने खाल्लाही जात नाही. एक पन्नी सोडली की चौघांत वाटली जाते, नाही म्हणणारा माणूसघाणा ठरतो. आणि ती पन्नी आणायला आपण घरातल्या पोरालाच पिटाळतो. अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकणे कायद्याने गुन्हा आहे. पण पोराच्या हातात पैसे देणारे आपणच असतो. आपल्या खारपाणपट्ट्यात पाण्याबद्दल आपण तावातावाने बोलतो, ते योग्यच आहे. ते पाणी आपण निवडलेले नाही. खर्रा मात्र आपण पैसे मोजून विकत घेतो.

मग काय करायचे?

महिन्यातून एकदा आरशासमोर तोंड तपासा. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला छाला, तिखटाने होणारी आग यांपैकी काहीही असेल तर दुखण्याची वाट पाहू नका. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही.

सोडायची असेल तर दिवस ठरवा आणि बिडी, खर्रा, मशेरी सगळे एकदम सोडा. एकाच्या जागी दुसरे घेऊ नका. पहिला आठवडा जड जातो. चिडचिड होते, झोप बिघडते, पोट साफ होत नाही. हे निकोटिन सुटल्याचे त्रास आहेत, काही आठवड्यांत जातात. तलफ आली की ती काही मिनिटेच टिकते, तेवढा वेळ पाणी प्या, ओवा किंवा बडीशेप चघळा, जागेवरून उठा. गरज असेल तर निकोटिनच्या गोळ्या किंवा औषधे डॉक्टरांना विचारून घेता येतात. 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते. एकदा सुटून पुन्हा लागली तर लाजू नका, पुन्हा प्रयत्न करा. बरेच जण दोन-तीन प्रयत्नांनंतरच सोडतात.

त्या शेतकऱ्यांच्या गालाचा तुकडा तपासला. कर्करोग निघाला नाही. खर्रा सुटला आहे, पण तोंड अजून दोन बोटांएवढेच उघडते. भाकरी दुधात कुस्करून खातात.

मी आता प्रत्येक रुग्णाला "तंबाखू कोणत्या रूपात घेता?" असे विचारतो. तुमच्या डॉक्टरांनी नाही विचारले, तर तुम्ही आपणहून सांगा.