काजूच्या बीचा पहारा

आपल्या रत्नागिरी, लांजा, राजापूर भागातील कितीतरी माता-भगिनी काजूच्या बिया फोडण्याचे काम करतात. त्यांच्या बोटांवरचे काळे डाग आणि निघालेली सालटी आपण सर्वांनी पाहिली आहेत. विचारले तर उत्तर मिळते, "कामच तसं, नशिबाला आलं." आम्हाला हे उत्तर मान्य नाही. हात भाजतात यामागे नशीब नाही, रसायन आहे. आणि रसायनाला उपाय आहे.

काजूच्या टरफलात मधाच्या पोळ्यासारखी लहान लहान घरे असतात. त्यांत दाट, तपकिरी तेल भरलेले असते. त्यातला मुख्य पदार्थ म्हणजे अॅनाकार्डिक आम्ल. झाडाने ते उगाच तयार केलेले नाही. आतला गर म्हणजे उद्याचे झाड. किडे, बुरशी आणि जनावरांचे दात यांपासून त्याला वाचवायचे, तर झाडाला पळता येत नाही की काठी उगारता येत नाही. म्हणून त्याने बीभोवती हा पहारा बसवला.

शास्त्रात हा पदार्थ 'अॅरोमॅटिक', म्हणजे सुगंधी, या गटात मोडतो. हात जाळणारे तेल आणि सुगंधी? त्याचे असे झाले, की या गटातील आधी सापडलेले काही पदार्थ वासाचे होते, त्यावरून नाव पडले. पुढे 1865 साली केकुले या जर्मन शास्त्रज्ञाने बेंझीनमध्ये कार्बनच्या 6 अणूंचे कडे असते अशी कल्पना मांडली. आता या गटाची ओळख वासावरून नव्हे, अशा कड्यावरून होते. लवंगेचा वास, हळदीचा पिवळा रंग, लाकडाचा टणकपणा, या सर्वांमागच्या पदार्थांत हे कडे आहे. एकाच कड्यातून झाड कुठे वास, कुठे रंग, कुठे बळ, तर कुठे शस्त्र घडवते.

काजूच्या तेलात या कड्याला 15 कार्बनची लांब शेपटी असते. ती तेलकट असल्याने पदार्थ कातडीत सहज शिरतो आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. बिब्बा आणि आंबा हे काजूचेच भाऊबंद. बिब्बा उततो, हापूसच्या देठाचा चीक ओठाला लागून चट्टा उठतो, तेही अशाच पदार्थांमुळे.

यातून उपाय निघतो. काम सुरू करण्यापूर्वी हाताला एरंडेल किंवा खोबरेल चोळावे, म्हणजे चीक कातडीला थेट लागत नाही. पण खरे संरक्षण हातमोज्यांचेच. काम संपताच साबणाने हात धुवावेत, त्याआधी डोळ्यांना किंवा मुलांना हात लावू नये. टरफले घरच्या चुलीत जाळू नयेत. त्यांचा धूरही झोंबतो.

टरफलाचे तेल कोणी फेकून देत नाही. रंग, व्हार्निश, गाड्यांचे ब्रेक यांत ते वापरतात आणि त्याला भाव मिळतो. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशेबाने बोलतो. तेलाची जमा वहीत लिहिली जाते, तर हातमोज्यांचा खर्चही त्याच वहीत लिहिला गेला पाहिजे. कामातून होणारे त्वचारोग कायद्याने व्यावसायिक आजार मानले आहेत. भगिनींनो, हातमोजे एकटीने मागू नका, दहाजणी मिळून मागा. झाड आपल्या बीला जपते. आपण आपले हात जपू या.