पाव मैलाची जागा कुणाकडे आहे?

लालबागच्या पुलाला खिडकी लागून असलेल्या कुणालाही विचारा, रात्री एक-दीडनंतर काय ऐकू येतं ते. आधी लांबून येणारी घरघर, मग बदललेल्या सायलेन्सरची फटफट, मग दोन बाइक एकमेकींना खेटून गेल्याचा झपाटा आणि शेवटी खालच्या कुठल्या तरी मजल्यावरून हासडलेली एक शिवी. तुमच्यापैकी काहींनी ती शिवी खाल्लीही असेल. नाकाबंदीत सापडणारी बरीचशी मुलं कॉलेजच्याच वयाची असतात.

ही मुलं जे करतात त्याला जगात रीतसर नाव आहे. ड्रॅग रेसिंग. वळणं नाहीत, लॅप नाहीत. दोन गाड्या थांबलेल्या जागेवरून सुटतात आणि सरळ पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, जातात. पंधरा डब्यांची लोकल उभी केली तर तिच्या लांबीपेक्षा थोडं जास्तच. अमेरिकेत यावर लीग चालतात, त्यांना मालक असतात आणि सध्या त्यातल्या धाकट्या लीगमध्ये मोठी उलथापालथ सुरू आहे. तिचा परळ-दादरच्या पोरांशी काय संबंध, असं वाटेल. मला वाटतं, आहे.

मोठी लीग एनएचआरए. ती १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात वॉली पार्क्स नावाच्या माणसाने सुरू केली. हा गडी 'हॉट रॉड' मासिकाचा संपादक होता, हे आम्हा पत्रकारांना सांगायला बरं वाटतं. त्याच्यासमोरचा प्रश्न अगदी आपल्यासारखाच होता. महायुद्ध संपलेलं, पोरांच्या हातात जुन्या गाड्या, इंजिन खोलून बसवायची अक्कल, आणि शर्यत लावायला फक्त सार्वजनिक रस्ता. पोलीस वैतागलेले, पेपरांत रोज बोंब. पार्क्सचं म्हणणं साधं होतं: या पोरांना रस्त्यावरून हटवायचं असेल तर त्यांना जायला दुसरी जागा द्या. जागा होतीही. सान्ता आनाच्या विमानतळाच्या धावपट्टीवर १९५० मध्येच तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या होत्या. पुढे १९५४ मध्ये एनएचआरएने माणसं गाडीत घालून गावोगाव पाठवली. स्थानिक पोलीस आणि क्लब यांना एकत्र बसवून शर्यत सुरक्षित कशी घ्यायची हे दाखवणं, हे त्यांचं काम. पोलीस आणि रेसर एका टेबलावर! आपल्याकडे ते भेटतात फक्त ठाणे अंमलदाराच्या टेबलावर.

धाकटी लीग म्हणजे आयएचआरए. टेनेसीतल्या ब्रिस्टलच्या लॅरी कॅरिअरने ती १९७० मध्ये काढली. थोरलीच्या सावलीत राहून तिने स्वतःची वेगळी ओळख केली, म्हणजे थोरलीने नाकारलेल्यांना घरात घेतलं. अवाढव्य इंजिनांच्या प्रो स्टॉक गाड्या इथे चालल्या. प्रो मॉडिफाइड या प्रकाराला अधिकृत दर्जा मिळाला तोही इथेच, १९९० मध्ये. आज तो जगभर खेळला जातो.

पण मालकांच्या बाबतीत तिचं नशीब भाड्याच्या खोलीसारखं. एकामागून एक हात बदलत ती एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लिअर चॅनेलकडे गेली, तिथून गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्या लाइव्ह नेशनकडे आणि २००८ मध्ये फेल्ड कंपनीकडे. फेल्ड म्हणजे कोण, तर रिंगलिंग सर्कसचे मालक. (थट्टा नाही, खरंच सर्कसवाले.) त्यांनी शर्यतीचा 'शो' केला. नाव दिलं 'नायट्रो जॅम'. हरला तो बाहेर, ही ड्रॅग रेसिंगची मूळ गंमतच बदलून टाकली. आवाज, धूर, आतषबाजी सगळं होतं. फक्त ज्याला जिंकायला यायचं होतं त्याला जिंकण्यासारखं फारसं उरलं नाही. काही वर्षांतच तो शो आटोपला आणि लीग पुन्हा दुसऱ्या हातात गेली.

आता २०२५ च्या हंगामाआधी ओहायोतले उद्योजक डॅरिल कटेल यांनी ती घेतली. आल्या आल्या त्यांनी जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. जाहिरातीतले चेहरे, बक्षिसांचे आकडे हे सगळं झालंच. पण मुख्य म्हणजे त्यांनी ट्रॅक विकत घ्यायचा सपाटा लावला. मिशिगनमधला मायलन, मेरीलँडमधला, टेनेसीत मेम्फिसचा. लीग म्हणजे नियमपुस्तक आणि लोगो, असं आजवरचे बरेच मालक समजले. या माणसाला जमीन हवी आहे.

आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत ट्रॅक धडाधड बंद पडले. न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनच्या पट्टीवर २०१८ मध्ये ड्रॅग शर्यती थांबल्या. अटलांटाचा ट्रॅक २०२१ मध्ये गेला. ह्यूस्टनचा आणि डेन्व्हरजवळचा बँडिमेअर २०२३ मध्ये. बँडिमेअर एकाच कुटुंबाने १९५८ पासून चालवलेला, डोंगराच्या पायथ्याशी. प्रेक्षक येत होते, शर्यती होत होत्या, तरी गेले. शहर वाढत त्यांच्या दारापर्यंत आलं आणि जमिनीला शर्यतीपेक्षा जास्त भाव आला. हे तुम्हाला कुणी नव्याने समजावायला नको. परळच्या स्टेशनातून बाहेर पडा आणि वर बघा. ज्या टॉवरकडे मान मोडून बघावं लागतं त्याच्या जागी भोंगा होता, हे आजोबांनी सांगितलेलं असतंच. गिरणी बंद पडायची कारणं हजार, पण एकदा जमीन सोन्याची झाली की गिरणी पुन्हा सुरू करण्यात कुणालाच रस उरत नाही. ट्रॅकचंही तसंच.

कटेल यांचा डाव चालेल का? माझा अंदाज: अर्धा चालेल. ट्रॅक स्वतःचे असले की तारखा हातात राहतात, भाडं वाचतं आणि उद्या बिल्डर आला तर नाही म्हणायचा हक्क तुमच्याकडे असतो. धोका दुसरीकडे आहे. ही लीग ड्रॅग सोडून स्टॉक कारपर्यंत हात पसरायला लागली आहे, आणि एकाच माणसाच्या खिशावर उभं असलेलं काहीही त्या माणसाच्या उत्साहाइतकंच टिकतं. शिवाय धाकटी लीग जगते कुणावर, हे तो विसरला तर संपलं. नायट्रोवाल्या गाड्या पोस्टरवर असतात. गल्ला भरतो तो शनिवार-रविवारी स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्या, एंट्री फी भरणाऱ्या साध्या माणसांमुळे.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण ती भारी आहे. तिला ब्रॅकेट रेसिंग म्हणतात. समजा, तुमच्याकडे घरची ॲक्टिव्हा आहे आणि मित्राकडे ड्यूक ३९०. सराव फेरीत तुम्हाला २२ सेकंद लागतात, त्याला १४. हा आपापला आकडा दोघांनी आधीच लिहून द्यायचा. शर्यतीत तुमचा हिरवा दिवा त्याच्या ८ सेकंद आधी पेटतो. म्हणजे दोघं आपापल्या आकड्याप्रमाणे गेले तर शेवटची रेघ एकदमच गाठणार. जिंकणार तो, ज्याची दिव्याकडे नजर पक्की आणि ज्याने आपली गाडी नीट ओळखली. आणि लबाडी करून आकडा मुद्दाम मोठा सांगितला, मग त्याहून लवकर पोचलात, तर बाद. त्यामुळे ॲक्टिव्हावाला ड्यूकवाल्याला हरवू शकतो, तेही वडिलांच्या पाकिटाला हात न लावता. ज्या खेळात पैसेवाल्याची गाडी आपोआप जिंकत नाही, तो खेळ गिरणगावात चालणार नाही असं कुणी सांगितलं?

बरं, मग आपल्याकडे काय आहे? चेन्नईत आहे. तिथला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. त्यांनीही सुरुवात महायुद्धातल्या धावपट्टीवर केली, शोलावरमला. पण पुढे इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक बांधला, तो १९९० पासून चालू आहे. मोटरसायकलच्या राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा तिथे होतात. तिथूनच बंगळुरूच्या हेमंत मुद्दप्पासारखा एकामागून एक राष्ट्रीय किताब घेणारा रेसर पुढे आला. आपल्याकडे कोल्हापुरात मोहितेंचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, पोरं घडतात तिथे, पण कार्टिंग वेगळं. ड्रॅगसाठी महाराष्ट्रात नाव घ्यायचं तर लोणावळ्याच्या पुढच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरची 'द व्हॅली रन'. मुंबई-पुण्याच्या पोरांची जत्राच असते ती. पण ती धावपट्टी ज्या टाउनशिपमध्ये आहे, ती सहारा समूहाची. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिचा लिलाव करायला सांगितला होता आणि एप्रिल २०२५ मध्ये ईडीने तिथली ७०७ एकर जमीन जप्त केली. शर्यतीचा आयोजक कितीही हुशार असो, पायाखालची जमीन दुसऱ्याच्या खटल्यात अडकलेली. कटेल ट्रॅक का विकत घेतात, याचं उत्तर शोधायला अमेरिकेत जायची गरजच नाही.

मुंबईत मात्र मजा अशी, की घोड्यांना महालक्ष्मीला जागा मिळाली ती १८८३ पासून. मोटारींना मिळाला कोस्टल रोड. म्हणजे अधिकृतपणे नव्हे! गिरगाव चौपाटीखालून मलबार हिलच्या पोटात जाणारा दोन किलोमीटरचा बोगदा मार्च २०२४ मध्ये उघडला आणि रात्री महागड्या गाड्यांचा आवाज घुमवायला लोकांना आयतं भोंगळं मिळालं. बोगद्यात वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर, बाहेर सरळ रस्त्यावर ८०. दुचाकींना तिथे बंदीच. त्यामुळे वाटणी अशी झालीय की चारचाकीवाले बोगद्यात आणि दुचाकीवाले लालबागच्या पुलावर. इथेही क्लास आहेच.

कायदा काय म्हणतो तेही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९. सार्वजनिक जागी शर्यत लावली तर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्ष किंवा १० हजार किंवा दोन्ही. अठरा पूर्ण नसतील तर गाडीच्या मालकाला किंवा पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तुम्हाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हे सगळं ठाण्यात ऐकवतातच. पण त्याच कलमात चार शब्द आहेत जे कुणी मोठ्याने वाचत नाही: राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय. म्हणजे संमती देता येते. तमिळनाडूने ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस चेन्नईच्या भर शहरात रात्रीची स्ट्रीट रेस घेतलीच की.

'आपलं सरकार कशाला देईल' असं म्हणणाऱ्यांना दोन आठवणी. बैलगाडा शर्यत म्हणजे काय? सरळ घाट, काही सेकंदांचा खेळ, घड्याळाशी झुंज. ही आपली ड्रॅग रेसच. ती वर्षानुवर्षं बंद होती. राज्याने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने वाट मोकळी केली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शिक्का मारला. दुसरी आठवण तर घरातली. गोविंदा. लालबाग-परळ, गिरगाव, दादरच्या पथकांनी रस्त्यावर थर लावले, पोरं पडली, हात-पाय गेले, काही जिवानिशी गेली. उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उंचीला २० फुटांची अट घातली, लहान मुलांना मज्जाव केला, मोठा गदारोळ झाला. मग ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, अपघाताला मदत जाहीर केली आणि २०२३ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये मॅट टाकून प्रो गोविंदा भरली. लीगबद्दल माझ्याही कुरबुरी आहेत. पण खाली मॅट, कमरेला दोर, डोक्यावर हेल्मेट आणि बाहेर ॲम्ब्युलन्स असताना पडणं आणि डांबरावर पडणं, यातला फरक ज्याने पाहिलाय तो वाद घालत नाही.

मग बाइकवाल्या पोरांच्या वाट्याला फक्त नाकाबंदी का? उत्तर कडू आहे. गोविंदा पथकामागे मंडळ असतं, मंडळामागे मतं. बैलगाड्यामागे अख्खं गाव. रात्री दोन वाजता पुलावर जमणाऱ्या आठ-दहा जणांमागे कुणीच नसतं. त्यांना नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. नवं नेतृत्व वगैरे सोडा, नेतृत्वच नाही. मंडळाची पावती फाडण्यापासून विसर्जनाच्या ट्रकपर्यंत सगळं जमवणाऱ्या या भागातल्या पोरांना एक क्लब नोंदवता येऊ नये, हे मला पटत नाही.

जमीन किती लागेल? ४०२ मीटर शर्यतीला आणि निदान तेवढीच, खरं तर जास्तच, गाडी थांबवायला. पुलावर मरतात ती पोरं बहुधा याच दुसऱ्या तुकड्यात. शर्यत संपलेली असते, समोर वळण असतं किंवा बंद पडलेला टेम्पो. म्हणजे साधारण किलोमीटरभराची सरळ, दोन्ही बाजूंना कठडे असलेली पट्टी, वर्षातले दहा-बारा रविवार. शिवडी ते वडाळा मुंबई पोर्टच्या जमिनीचं काय करायचं यावर आराखड्यांमागून आराखडे येताहेत. त्यात उद्यानं आहेत, मरिना आहेत. पट्टी मागायला मात्र अजून कुणी अर्ज घेऊन उभं राहिल्याचं ऐकिवात नाही.

तोवर ज्यांना खरंच करायचंय त्यांच्यासाठी: अधिकृत स्पर्धेत उतरायला एफएमएससीआयचं लायसन्स लागतं. हेल्मेट चांगलं घ्या, ग्लोव्हज आणि बूट घ्या. बाइक फार बदलू नका, आधी आपला आकडा शोधा. आणि स्पर्धा बघायला गेलात तर पोडियमजवळ गर्दी करण्यापेक्षा सुरुवातीच्या दिव्यांपाशी उभे राहा. कोण किती लवकर सुटतो आणि कोण घाईत लाल दिवा खातो, ते तिथेच दिसतं.