‘बघू पुढे’ म्हणणाऱ्यांसाठी

‘वय झालं की धडधडतंच.’ ‘गोळी चालू आहे ना, मग बघू पुढे.’ ‘अल्लाह मालिक आहे.’ हृदयाचे ठोके अनियमित झालेल्या माणसाभोवती आमच्या केडगावात ही तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं शेजाऱ्यांचं, दुसरं बऱ्याचदा डॉक्टरांचं, तिसरं घरच्यांचं. माझं भांडण तिघांशीही आहे. मी डॉक्टर नाही, उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर आहे. पण वाचता येतं, आणि जे छापून आलंय ते या तिन्ही वाक्यांच्या विरोधात जातं.

आजाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात. तिथे रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. या आजारात लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो. धडधड जाणवो न जाणवो, गुठळी होऊ शकते. ‘त्रास नाही, मग औषध कशाला’ असं म्हणणाऱ्याला एवढंच उत्तर पुरे.

आता ती ‘गोळी चालू आहे’ वाली गोळी. ‘रक्त पातळ करायची गोळी’ या एका नावाखाली आपण दोन वेगळ्या वस्तू खपवतो. अनेकांच्या डबीत असते ती ऍस्पिरिन. स्टेंट घातलेल्यांचा हिशोब वेगळा. पण या आजारातली गुठळी रोखायला ती तोकडी आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वॉरफरिन ज्यांना योग्य नाही असं ठरलेल्या रुग्णांवर ऍस्पिरिन आणि ऍपिक्साबॅन यांची तुलना झाली. ऍपिक्साबॅनवर लकवे निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच राहिला. म्हणजे ‘ऍस्पिरिन साधी, निर्धोक’ हा समजही टिकत नाही. चाळिशीतल्या, झडपा धड असलेल्या, रक्तदाब-मधुमेह नसलेल्या माणसाला कदाचित कुठलीच गोळी लागणार नाही. पण ते तपासून ठरवायचं असतं, टाळून नव्हे.

झडपांचा मुद्दा आपल्याकडे फार मोठा आहे. मुंबईचे हृदयतज्ज्ञ अमित व्होरा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये देशभरातल्या १,५३७ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सरासरी वय सुमारे ५५, आणि जवळपास निम्म्यांना संधिवाती तापाने बिघडलेल्या झडपा. ‘म्हातारपणाचा आजार’ कुठे राहिला? लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, आणि त्याची किंमत चाळिशीत कुणाची तरी आई मोजते. अशा रुग्णांसाठी महागडी नवी गोळी चांगलीच असेल, असं आपण धरून चालतो. २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासात, सुमारे साडेचार हजार रुग्णांत, उलटं निघालं. जुन्या वॉरफरिनच्या जातीची गोळी रिव्हारोक्साबॅनपेक्षा सरस ठरली, मृत्यूही कमी झाले. म्हणून गोळी निवडण्याआधी इको झालाच पाहिजे. आणि वॉरफरिन घेणाऱ्याने आयएनआर तपासत राहिलं पाहिजे, साधारण दोन ते तीनच्या मध्ये. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, प्रमाण मात्र आठवड्यागणिक बदलू नये.

वेळेचं म्हणाल, तर ‘बघू पुढे’चा खरा पराभव तिथेच होतो. २००२ च्या ‘अफर्म’ अभ्यासानंतर बराच काळ समज होता की ठोक्यांचा वेग आवरला तरी चालतं, लय परत आणायचा अट्टाहास नको. २०२० मध्ये युरोपातल्या २,७८९ रुग्णांचा अभ्यास आला. निदान होऊन वर्षही न झालेल्यांची लय लवकर सावरली, तर लकवा, हृदयविकाराने मृत्यू वगैरे मिळून सुमारे एक पंचमांश कमी झाले. लय सावरायची की फक्त वेग आवरायचा, हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारायचा. पाच वर्षांनी वरचे कप्पे ताणून मोठे झाल्यावर तो विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.

दुसऱ्या टोकालाही लोक आहेत. ‘जाळून टाका, गोळ्या बंद’ असं सांगून अब्लेशन विकणारे. त्याने धडधड कमी होते, अनेकांचं जगणं सुधारतं, हे खरं. पण लय आली म्हणून गोळी सोडायची नसते. ‘अफर्म’मध्येच बहुतेक लकवे वॉरफरिन सोडलेल्यांना किंवा आयएनआर कमी असलेल्यांना झाले होते.

आणि केडगावातून पुणे सुमारे १२० किलोमीटर. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला साडेचार तास मिळतात, तेही माणूस पडल्याच्या क्षणापासून, घरच्यांचं ठरल्यापासून नव्हे. महात्मा फुले योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. दर महिन्याची गोळी आणि आयएनआर ज्याच्या त्याच्या खिशातून. पडल्यावर पैसे आहेत, पडू नये म्हणून नाहीत. यावर आमचे नगरसेवक एकदा तरी बोलतील का?

अल्लाहवर हवाला ठेवणाऱ्यांनी हकिमांची नब्ज आठवावी. मनगटावर तीन बोटं ठेवून मिनिटभर मोजायला पैसा लागत नाही. ठोके वेडेवाकडे लागले तर ईसीजी काढावा. रमजानबद्दलही आधीच बोलून घ्या. आजाऱ्याला रोजा सोडायची सवलत कुरआननेच दिली आहे. रोजा ठेवायचाच असेल, तर डॉक्टरांना शाबानमध्येच विचारा: माझी गोळी दिवसातून दोनदाची आहे की एकदाची, आणि रिव्हारोक्साबॅन असेल तर ती जेवणासोबतच घ्यायची असते, मग इफ्तारच्या जेवणाबरोबर चालेल का?