दोनशे रुपयांचे नाते

महाराष्ट्रात नवऱ्याला राहते घर बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करायचे असेल, तर मुद्रांक शुल्क लागते दोनशे रुपये. बापाने मुलाच्या किंवा नातवाच्या नावे केले तरी तेवढेच. मी उल्हासनगर कॅम्प २ मध्ये गजानन मार्केटमधल्या कापड दुकानांची खाती लिहितो, जीएसटीचे रिटर्न भरतो. त्यामुळे अशी बक्षीसपत्रे नेहमी डोळ्यांसमोरून जातात. शेठ, शेठाणी, दोन साक्षीदार, आधार कार्डाच्या झेरॉक्स. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अर्धा दिवस मोडतो आणि घर बायकोचे होते.

मला आमचे घर माझ्या माणसाच्या नावे करायचे झाले, तर तिथे तो परका ठरतो. बाजारभावावर टक्केवारीने पूर्ण शुल्क लागते. शिवाय घर मिळाल्याबद्दल त्याला आयकर भरावा लागेल, कारण पन्नास हजारांवरची भेट नातेवाइकाकडून आलेली नसेल तर ती उत्पन्नात धरतात. आम्ही दोघे पुरुष आहोत, म्हणून आयकर कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत आम्ही एकमेकांचे कोणीच नाही. याच तरतुदीला मुंबईच्या पायो अशिहो आणि विवेक दिवाण या जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि न्यायालयाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. ती बातमी मी दुकानात बसूनच पुन्हा पुन्हा वाचली. आमच्या घरातला हिशेब कोणीतरी न्यायालयात मांडला होता.

माझे वडील शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये कामाला होते. माझ्या माणसाचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून आले आणि इथल्या लष्करी बराकीत त्यांनी संसार थाटला. २००४ साली त्याच्या दुकानाची खाती माझ्याकडे आली, तेव्हा आमची ओळख झाली. लग्न म्हणावे असा सोहळा आम्ही केला नाही. यवतमाळच्या एका पुरुषाने डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या गावी परतून, माणसे जमवून आपल्या जोडीदाराशी लग्न केले, तेव्हा त्याच्या धाडसाचे मला फार कौतुक वाटले. आमच्या घरी गोष्टी त्यापेक्षा हळू घडत गेल्या. माझ्या माणसाच्या आईला, म्हणजे अम्मांना, सगळे कळत होते. त्या बोलत मात्र नसत. दिवाळीला त्या घरच्या जावयाला पँटपीस आणि शर्टपीस देत. एका दिवाळीला दुकानात बसून त्यांनी एकाच ताग्यातून दोन कापडे फाडायला लावली, एक जावयाला दिले आणि एक माझ्या हातात ठेवले. तेव्हापासून दर दिवाळीला तसेच होत राहिले. पुढे त्यांना डायलिसिसला मी नेत असे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मी कोण म्हणून विचारले, तर म्हणाल्या, “ये भी अपना ही लड़का है.”

वडील गेल्यावर माझी आई आमच्याकडेच राहायला आली. थदडीच्या सणाला सिंध्यांच्या घरी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी केलेले खातात. आदल्या रात्री माझी आई गुळाच्या पाण्यात लोल्यांची, म्हणजे गोड पोळ्यांची, कणीक भिजवायची आणि अम्मा तिला तूप जास्त घाल म्हणून टोकायच्या. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धीच येई. त्याच्या बहिणीची मुलगी कॉलेजसाठी आमच्याकडे राहिली, ती मला काका म्हणते आणि परीक्षेच्या दिवसांत चार वाजता चहा मागते. संसार म्हणजे दुसरे काय असते?

आणि तरीही एका रात्री या सगळ्याला कवडीचीही किंमत उरली नाही. त्याचे अपेंडिक्स फुटले. रुग्णालयाच्या काउंटरवर फॉर्म पुढे आला, त्यात रकाना होता ‘रुग्णाशी नाते’. मी ‘मित्र’ लिहिले. काउंटरवरची मुलगी सौजन्याने बोलली, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. ती म्हणाली, “काका, मित्राची सही चालत नाही. घरचं कोणी बोलवा.” घरचे म्हणजे पिंपरीला राहणारा त्याचा भाऊ. विम्याचे कार्ड माझ्या खिशात, जुनी फाइल माझ्या पिशवीत, त्याला कुठले औषध चालत नाही ते मला पाठ. सहीचा अधिकार मात्र रात्री घाट उतरत येणाऱ्या माणसाकडे. भाऊ भला माणूस आहे, तो तडक निघाला, शस्त्रक्रिया झाली, सगळे निभावले. भाऊ भला नसता तर काय झाले असते, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

समलिंगी विवाहाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ ऑक्टोबर २०२३ ला आला. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. नागरी बंधनाचा (सिव्हिल युनियनचा) आणि दत्तकाचा मुद्दा तीन विरुद्ध दोन असा पडला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. कायदा करणे संसदेचे काम, असे न्यायालयाने सांगितले. मधल्या काळात, ऑगस्ट २०२४ मध्ये, केंद्राने काही खुलासे केले: अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडता येईल, एकमेकांना नॉमिनी करता येईल, शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातले धरावे. संयुक्त खाते आम्ही उघडले. पण माझ्या व्यवसायातला कुठलाही माणूस सांगेल की नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत हेच पुन्हा स्पष्ट केले. पैसे नॉमिनीच्या हातात पडतात, मालकी वारसांकडे जाते. म्हणून आम्ही मृत्युपत्रेही केली, नोंदवलीही. उद्या एखाद्या पुतण्याने त्यांना आव्हान दिले, तर म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या आल्याच. नवरा-बायकोच्या बाबतीत मृत्युपत्र नसले तरी कायदा आपणहून उभा राहतो. आमच्या मागे फक्त एक नोंदवलेला कागद.

लोक म्हणतात, समाज अजून तयार नाही, संस्कृतीचा प्रश्न आहे. निदान उल्हासनगरकरांनी हे म्हणू नये. आपले शहरच आधी वस्ती आणि मग मान्यता या क्रमाने उभे राहिले. कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित आधी राहायला आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी पायाभरणी करून गावाला नाव दिले. बराकींच्या सनदा पुढे मिळाल्या. नंतर बराकी पाडून इमारती झाल्या, बऱ्याचशा परवानगीशिवाय. २००५ च्या सुमारास ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, पाडकामाचे आदेश निघाले, आणि मग २००६ साली राज्याने फक्त उल्हासनगरसाठी बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा केला. कारण सरळ होते: तिथे माणसे राहत होती, मुले शाळेत जात होती, त्यांना रस्त्यावर काढणे बरोबर नव्हते. सिमेंट आणि सळ्यांसाठी जे शासन एवढे पुढे येते, त्याने त्याच भिंतींच्या आतल्या संसाराकडे पाठ फिरवू नये.

त्या इमारतींतच आम्हीही राहतो. २८ मे २०२१ ला नेहरू चौकातल्या साईशक्ती इमारतीचा स्लॅब कोसळून सात जणांचे जीव गेले, त्या रात्री अख्खा कॅम्प रस्त्यावर होता. अशा अपघातात सरकारी मदत मृताच्या वारसांना मिळते. त्यानंतर बरेच दिवस आमच्या छताचा पोपडा पडला की मला एकच गोष्ट दिसायची: मी गेलो तर पंचनाम्यात तो ‘सोबत राहणारा इसम’ असेल.

लग्नाचा हक्क मला हवा आहे आणि तो संसदेकडूनच यायचा आहे, हे मान्य. पण सगळेच दिल्लीवर ढकलण्यात अर्थ नाही. मुद्रांक शुल्क हा राज्याचा विषय आहे. सार्वजनिक हितासाठी शुल्क कमी करण्याचा किंवा माफ करण्याचा अधिकार महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ९ ने राज्य सरकारला दिलेला आहे. सार्वजनिक आरोग्यही राज्याचेच. रुग्णाने लेखी नाव दिलेल्या जोडीदाराची संमती ग्राह्य धरावी, असा शासन निर्णय मंत्रालयातून निघू शकतो. जोडीदार कोण हे ठरवायचे कसे, ही अडचणही सुटण्यासारखी आहे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये, दोघांनी मिळून कौटुंबिक सहजीवनाचा करारनामा नोंदवावा, अशा प्रस्तावाचा विचार करायला तमिळनाडू सरकारला सांगितले होते. आपल्याकडचा दुय्यम निबंधक असा दस्त सहज नोंदवू शकेल. भाडेकरार तो रोज नोंदवतोच.

उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याणच्या आमदारांना माझी विनंती आहे की येत्या अधिवेशनात त्यांनी या दोन मागण्या मांडाव्यात: नोंदवलेल्या जोडीदाराला राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर दोनशे रुपयांची सवलत आणि रुग्णालयात सहीचा अधिकार. निवेदनाचा मसुदा कलमांसह मी टाइप करून आमदारांच्या कार्यालयात आणून देईन.