उमेदवारीचे विद्यावेतन

वकील, कायदा, जामीन, फिर्याद, हुकूम, मुदत हे शब्द तुम्हांला मराठीच्या तासाला वेगळे शिकावे लागले नसतील. उर्दूप्रमाणेच ते मराठीतही रोज वापरले जातात. कोर्टाची निम्मी मराठी तुम्हांला आधीच येते! मग तुमच्यापैकी कोणी वकील व्हायचे ठरवले, तर अडचण कोठे येईल? माझ्या मते ती उमेदवारीच्या खर्चात येईल.

उमेदवारी म्हणजे काम करता करता काम शिकणे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती करावी लागते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे. या कामाचे पैसे मात्र बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. ज्याचे घर मुंबईत आहे, त्याला हे परवडते. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराच्या मुलीला उच्च न्यायालयातले काम पाहायचे असेल, तर तिने मुंबईत राहायचे कोठे आणि खायचे काय? शेवटी ती गावातल्याच ओळखीच्या वकिलाकडून दाखला घेते. कागदावर उमेदवारी पूर्ण होते, पण शिकायचे राहून जाते.

कारखान्यात काम शिकणाऱ्या मुलाला 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याप्रमाणे विद्यावेतन मिळते. सरकारी रुग्णालयातल्या शिकाऊ डॉक्टरलाही मिळते. 2024 साली महाराष्ट्र सरकारने तरुणांसाठी कार्यप्रशिक्षणाची योजना काढली आणि पदवीधरांना महिन्याला 10,000 रुपये ठरवले. योजना चांगली, पण ज्यांचे शिक्षण चालू आहे त्यांना तिच्यात जागा ठेवली नाही.

काही लोक विचारतात, जो अजून शिकतोच आहे त्याला सरकारने पैसे कशासाठी द्यावेत? त्यांना मी तुरुंगाचे उदाहरण देईन. 1979 साली हुसैनारा खातून यांच्या नावाने ओळखला जाणारा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बिहारच्या तुरुंगांत असे कैदी सापडले, की ज्यांचा खटला सुरूही झाला नव्हता. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ काहींनी तुरुंगात काढला होता. ही गोष्ट जुनी झाली असे समजू नका. 2022 च्या अखेरीस देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कैद्यांचा खटला संपलेला नव्हता.

जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत यावर एक उपाय आहे. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर त्याला जामिनावर सोडावे, असे ती सांगते. (जन्मठेपेसारख्या शिक्षेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही.) पण त्यासाठी एकेका कैद्याचे कागद वाचून तारखा मोजाव्या लागतात. कायद्याचा किंवा गुन्हेगारीशास्त्राचा विद्यार्थी हे काम वरिष्ठांच्या देखरेखीखाली नक्की करू शकेल. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत काम करतो. तेव्हा बाहेरच्या माणसांना तेथे काम करू देता येते, हे दिसलेच आहे.

गरिबाला मोफत कायदेशीर मदत देणे हे राज्याचे काम आहे, असे संविधानाचा अनुच्छेद 39-क सांगतो. राज्याच्या कामाला जो हात लावतो, त्याचा खर्चही राज्यानेच उचलावा. शिवाय विद्यावेतन घेणाऱ्याला जाब विचारता येतो. तुरुंगातली माहिती त्याने बाहेर सांगितली, तर त्याला जबाबदार धरता येते. मात्र पैसे देऊन मुलांकडून झेरॉक्स आणि चहाच आणवायचा असेल, तर अशी योजना नसलेली बरी.

आणखी एक गोष्ट. अटक झालेल्या मुलाचे दोषारोपपत्र मराठीत असते आणि त्याच्या आईला कधी कधी फक्त उर्दू वाचता येते. तो कागद तिला समजावून सांगणारा माणूस तालुक्याच्या कोर्टात सहज सापडत नाही. तुम्ही दोन्ही भाषा शिकत आहात.