किनवटची कोलामी आणि आकड्यांचा दिलासा

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून दिवाळी अंकांत मायबोलीचे गोडवे गायले जात आहेत. गायलाच हवेत. पण नांदेड जिल्ह्यातच, किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यातल्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, बोलली जाणारी कोलामी या कौतुकात कुठे नसते. विषय निघालाच तर २०११ची जनगणना पुढे केली जाते: कोलामी बोलणारे सव्वा लाखांवर, मग धास्ती कसली? आमच्या मते हा दिलासा फसवा आहे. तो आकडा यवतमाळ, वर्धा, आदिलाबाद सगळ्यांचा मिळून आहे. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांचे १९५५चे कोलामी व्याकरण वर्ध्याकडच्या बोलीचे. किनवटच्या शब्दांना द्राविडी व्युत्पत्तिकोशात निराळी खूण आहे. आणि थोरल्या बहिणीच्या गोतावळ्याने धाकटी वाचत नाही. मेक्सिकोत नाहुआत्ल आजही पंधरा लाखांहून अधिक लोक बोलतात. तिच्याच कुळातली पोचुतेक मात्र संपली. १९१२ साली मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस तिच्या गावी, पोचुत्लाला गेले तेव्हा ती येणारी मोजकी म्हातारी माणसे उरली होती. त्या कुळाची पहिली फाटाफूट कशी झाली याचा खल आता त्यांच्या तोंडून टिपलेल्या थोड्याशा शब्दांवर चालतो.

कोलामीची अशी साक्ष मराठीलाही लागते. मराठीत आपण दोघे, दोघी आणि दोन म्हणतो; हिंदीत हा भेद नाही. कोलामीत आहे: पुरुषांसाठी इद्दर, बायकांसाठी ईरल, वस्तूंसाठी इंदिंग. दूर बस्तरच्या पारजीतही अशीच मोजणी आहे. ही लकब मराठीने उचलली की दिली, हे ठरवायचे तर कोलामी, तिच्या जवळची नाईकी आणि पारजी या तिघींची साक्ष लागते.

व्याकरण तर लिहून झाले आहे ना, असे कोणी म्हणेल. झाले आहे, आणि तेही निलंग्याच्या सेतुमाधवराव पगडींनी, १९५० साली, किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते तेव्हा. (इतिहासकार पगडी सर्वांना ठाऊक, व्याकरणकार पगडींची आठवण लातुरातही क्वचितच निघते.) पण पोचुतेकचे टिपणही १९१७ साली छापून निघालेच होते, त्याने ती बोलणारी पोरे जन्माला आली नाहीत. खरा आक्षेप कोलाम आईबापांचा आहे: नोकरी मराठी-इंग्रजीवर मिळते. तो खोडता येत नाही, खोडूही नये. मात्र पहिलीतल्या पोराला गुरुजींचे बोलणे कळले तरच पुढची मराठी पक्की होते. २०२०चे शैक्षणिक धोरणही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणते. हे घडायला कोलामी येणारा शिक्षक हवा, आणि त्याच्या हाती इथल्या बोलीचा नोंदवलेला साठा हवा.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला म्हणूनच आमची विनंती आहे: पोडांवरच्या जुन्या माणसांची बोली आवाजासकट नोंदवा, आणि हे काम कोलाम मुलामुलींकडूनच, रीतसर मानधन देऊन करवून घ्या. पुढच्या अंकात किनवटच्या कोलामीसाठी आम्ही चार पाने राखून ठेवत आहोत. मजकूर देवनागरीत लिहून जरूर पाठवा.