उसनवारीची अट

२००३ साली लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स आढळले. त्याच्या जीपीएल परवान्याची अट मात्र पाळलेली नव्हती. अट पैशांची नाहीच: संहिता घ्या, बदला, विका, परंतु वस्तू ज्याच्या हाती द्याल त्याला बदललेली मूळ संहिताही द्या. टीकेनंतर ती खुली झाली व तिच्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. तरीही लिंक्सिसची मालक झालेल्या सिस्कोविरुद्ध फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला डिसेंबर २००८मध्ये न्यायालयात जावे लागले. मे २००९मध्ये तडजोड झाली. अशा प्रकाराला निव्वळ तांत्रिक चूक म्हणणे मला मान्य नाही. (आपण साहित्यवाले वाङ्मयचौर्याला चटकन नावे ठेवतो!) येथे कर्त्याच्या नावापेक्षा वाचकाचा हक्क दडवला जातो, आणि तो दडवला हे सिद्ध करायलाही आधी कुणाला तरी बंद पेटी उघडून पाहावी लागते.